शेफालीचा बारावा स्कॅन

नारायण पेठ, पुणे
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. आमोद,
अनेक आशीर्वाद.

नारायण पेठेतून खराडीला पत्र टाकणारी या शहरात मी एकटीच असेन. काल पाकीट आणायला गेले तर पोस्टातल्या माणसाने कुठे पाठवायचंय ते विचारलं आणि म्हणाला, "बसने गेलात तर आधी पोचाल." मी म्हटलं, "मला नाही, पत्राला पोचायचंय." त्यावर त्याने पाकीट काढून दिलं.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही. पत्राचं बरं असतं. वाचलंस की फाडलंस ते मला कळणार नाही, त्यामुळे वाचलंस असं समजून मी गप्प बसू शकते.

कामासाठी लिहिते आहे. ख्यालीखुशालीसाठी नाही.

शेफाली नावाची एक मुलगी आमच्या रुग्णालयात स्कॅनला येते. सात वर्षांची आहे. जन्मापासून डोक्यात पाणी साठतं, म्हणून एक बारीक नळी बसवली आहे, ती ते पाणी पोटात सोडते. नळी तुंबली की पोरीचं डोकं दुखतं, उलट्या होतात. मग नळी तुंबली की नुसतंच पित्त झालं, हे बघायला दर वेळी सीटी स्कॅन. तिचा बाप साईनाथ मार्केट यार्डात भाजीच्या गाळ्यावर काम करतो. मांजरीहून तिला गाडीवर पुढे बसवून आणतो. ती पाच महिन्यांची होती तेव्हापासून तिचा प्रत्येक स्कॅन मी काढला आहे. परवाच्या मंगळवारी अकरावा काढला. नळी ठीक निघाली.

जाताना साईनाथ दारात थांबला. "ताई, एक इचारू का? हे सारखं सारखं मशिनीत घालून पोरीला काय होत न्हाई ना?"

मी म्हटलं, "काही होत नाही हो." सात वर्षं हेच सांगते आहे.

तो गेल्यावर तिची फाइल काढली. प्रत्येक स्कॅननंतर मशीन किरणांचा आकडा छापतं, तो कागद आम्ही फाइलला लावतो आणि पुन्हा कुणी बघत नाही. मी अकरा कागद समोर ठेवून बेरीज केली. आकडा इथे लिहीत नाही. तुला अंदाज येईल. एका स्कॅनने फारसं काही होत नाही हे मलाही माहीत आहे. पण हिचे अकरा झालेत, वय सात आहे, आणि नळी जन्मभर राहणार आहे.

त्या परिषदेत तू जो प्रोग्रॅम दाखवलास, कमी किरणांत स्वच्छ इमेज देणारा, तो आमच्या मशीनला लावता येईल का? माझ्यासाठी करू नकोस. तिच्यासाठी कर.

तुझी
ताई

ता.क. तुझी पांढरी चादर इथेच राहिली आहे. मी वापरत नाही.


नारायण पेठ
रविवार, २ फेब्रुवारी

चि. आमोद,

तुझं उत्तर मिळालं. "योगेश सोमवारी येईल. परवानग्यांचं मी बघतो." दोन वाक्यं. शाळेत निबंध असाच लिहायचास.

तुझ्या हाताखालचा योगेश आला. चांगला मुलगा आहे. दर वाक्यात 'बेसिकली' म्हणतो, पण समजावून सांगतो. मशीन डोक्याभोवती फिरून सावल्या टिपतं आणि संगणक त्या सावल्यांवरून आतला काप जुळवतो, एवढं मला माहीतच होतं. किरण कमी केले की सावल्या अंधूक होतात आणि जुन्या पद्धतीने जुळवलेल्या इमेजमध्ये दाणे दाणे येतात, हेही रोज बघते. तुमचा प्रोग्रॅम वेगळं काय करतो ते मी त्याला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बेसिकली मॅडम, आधी अंदाजाने इमेज बनवतो. मग ती इमेज खरी असती तर सावल्या कशा पडल्या असत्या ते काढतो. खऱ्या सावल्यांशी लावून बघतो. जिथे चुकलं तिथे दुरुस्त. परत लावून बघतो."

मी म्हटलं, "म्हणजे ब्लाउज शिवल्यासारखं. अंदाजाने बेतायचा, अंगाला लावून बघायचा, खूण करायची, उसवायचा, परत लावायचा."

तो म्हणाला, "आमोद सर पण हेच उदाहरण देतात."

आई शिलाई मशीनवर बसायची तेव्हा तिच्या पायाशी खडूचे तुकडे वेचत कोण बसायचं, हे त्याला सांगून काय उपयोग.

आता वाईट बातमी. आमच्या मुख्य डॉक्टर मंदाकिनी मॅडमना इमेज आवडली नाही. तीस वर्षं त्या दाण्यांतून आजार शोधत आल्या आहेत, दाणे नसले की त्यांना चुकल्यासारखं होतं. म्हणाल्या, "उल्का, हा मेंदू आहे की मेणाचा पुतळा? माझ्या सहीखाली पुतळा जाणार नाही."

मला वाटलं, बाई हट्टी आहेत. म्हणून मी आणि योगेशने परीक्षा घेतली. पाण्याने भरलेलं एक प्लास्टिकचं भांडं असतं, त्यात मुद्दाम फिकट ठिपके बसवलेले असतात, मोठ्यापासून बारीकपर्यंत. तू म्हणतोस त्याप्रमाणे किरण एक चतुर्थांशावर आणले. इमेज सुंदर आली. एकही दाणा नाही. आणि सगळ्यांत बारीक ठिपकाही नाही.

आमोद, तुझ्या प्रोग्रॅमने ठिपका खाल्ला. दाणा समजून पुसून टाकला. दहा वेळा काढलं, आठ वेळा नव्हता. योगेश म्हणतो, 'लिमिटमध्ये आहे'. असेल. पण तो ठिपका एखाद्या पोराच्या डोक्यातला रक्ताचा थेंब असता तर?

मॅडमना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगते आहे. उद्या त्यांना सांगेन, कारण ते सांगायलाच हवं. तुझं हसं करायचं म्हणून सांगत नाही, एवढं लक्षात ठेव. चारचौघांत एखाद्याचं हसं झालं की कसं वाटतं ते मला ठाऊक आहे.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

तुझी
ताई


नारायण पेठ
रविवार, २३ फेब्रुवारी

चि. आमोद,

पंधरा महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. "हॅलो ताई, ठिपका कुठला?" बावीस मिनिटं आपण एका ठिपक्याबद्दल बोललो. कितव्या ओळीतला, केवढा, कापाची जाडी किती होती. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, जेवलास का हे विचारायचंच राहिलं.

तू दुरुस्ती करून पाठवलीस त्याची परीक्षा परत घेतली. निम्म्या किरणांवर ठिपका दहापैकी दहा वेळा दिसतो. एक चतुर्थांशावर अजूनही जातो. तुला वाईट वाटलं असेल. तू सगळ्यांना पाऊण भाग कमी करून दाखवतो म्हणाला होतास. पण निम्मं म्हणजे थोडं नाही रे. पहिल्या दिवशी तू सायकलवर अप्पा बळवंत चौकापर्यंत गेलास आणि पर्वतीपर्यंत गेलो नाही म्हणून रडलास, तसलं हे.

मी मॅडमना सगळं सांगितलं. ठिपका, दहापैकी आठ, सगळं. त्या म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं." मग त्यांना चहा दिला आणि एक प्रश्न विचारला, जो इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता.

"मॅडम, शेफालीच्या स्कॅनमध्ये तुम्ही नेमकं काय बघता?"

"पाण्याच्या पोकळ्या वाढल्यात का. आणि नळीचं टोक जागेवर आहे का."

"त्या पोकळ्या केवढ्या असतात?"

त्यांनी अंगठा आणि तर्जनी लांब करून दाखवली.

"मग तिच्या स्कॅनमध्ये तुम्हाला बारीक ठिपका लागतो का?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "उल्का, हे तू मला दहा वर्षांपूर्वी का नाही विचारलंस?"

तर आता असं ठरलं आहे. रुग्णालयाच्या समितीनेही मान्य केलं. बाकीच्या मुलांसाठी निम्मे किरण. नळीच्या मुलांसाठी, जिथे फक्त पोकळ्या बघायच्या आहेत, तिथे एक चतुर्थांश. शंका आली तर मॅडम दुसरा स्कॅन सांगतील, आपण आपल्या मनाने काढायचा नाही. कागद माझ्या अक्षरात लिहून भिंतीला लावला आहे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

परिषदेत तू सात केंद्रांचा तक्ता दाखवलास. नावं नव्हती, नुसते आकडे. सहावा खांब सगळ्यांत उंच होता. तू माइकवर म्हणालास, "या केंद्रात लहान मुलांना मोठ्या माणसांचा डोस जातोय. कुणी लक्षच देत नाही." मॅडमनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. सहावा खांब म्हणजे मी.

घरी आल्यावर मी तुला जे बोलले ते पुन्हा लिहीत नाही. आईच्या माघारी तुला वाढवल्याचं ऐकवलं आणि आजपासून बहीण नाही म्हणाले. तू किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवलीस आणि गेलास. मी सगळ्यांना सांगितलं की तुझा आकडा खोटा आहे.

आकडा खरा होता. लहान मुलांचं सेटिंग २०१४ साली मीच वाढवलं होतं. तेव्हाचे मोठे डॉक्टर एका बाळाची इमेज बघून सगळ्यांसमोर ओरडले होते, "ही इमेज आहे की रांगोळी?" मी मुकाट्याने मोठ्यांचं सेटिंग मुलांना लावलं. त्यानंतर कुणी ओरडलं नाही, आणि मी ते परत खाली आणलं नाही. हे मला परिषदेच्या आधीपासून माहीत होतं. तुझ्या तक्त्यामुळे कळलं असं नाही.

तू बरोबर होतास. माझ्या अक्षरात हवं असेल तर हे घे.

तुझी
ताई


नारायण पेठ
रविवार, १६ मार्च

चि. आमोद,

योगेशने तुला आकडे कळवले असतील. मी बाकीचं सांगते.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला साईनाथ शेफालीला खांद्यावर टाकूनच आत आला. रांग, नंबर, काही नाही. "ताई, काल रातीपासनं वकतीय. आन आता हाक मारली तर डोळं उघडंना झालीय." ती मला बघून नेहमी जीभ दाखवते. त्या दिवशी तिने डोळे अर्धेच उघडले.

टेबलावर घेतलं. पट्टे लावले. मॅडमनी खोलीत येऊन सांगितलं, "नवीन सेटिंग." आणि त्या गेल्या.

मी पडद्यासमोर बसले आणि माझा हात जुन्या सेटिंगकडे गेला. खरं सांगते. भांड्यातल्या ठिपक्यांशी खेळणं वेगळं, ही पोर वेगळी. मला वाटलं, आज नको. आज सगळं लख्ख दिसू दे, पुढच्या वेळेपासून कमी करू. मग आठवलं की गेली अकरा वर्षं मी दर वेळी हेच म्हणते आहे. नवीन सेटिंग लावलं आणि बटण दाबलं. मशीन फिरलं आणि काही सेकंदांत थांबलंसुद्धा.

पण आमोद, तुझा तो प्रोग्रॅम! जुन्या पद्धतीत इमेज लगेच यायची. हा आठ मिनिटं घेतो. योगेशने सांगितलं होतं, पण घड्याळाकडे बघत आठ मिनिटं काढणं काय असतं ते त्याला ठाऊक नाही. साईनाथ काचेपलीकडे पोरीचे तळवे चोळत होता. मॅडम परत येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या होत्या. पडद्यावर टक्के सरकत होते. बेतलं, लावून बघितलं, उसवलं. मी मनात तुला शिव्या देत होते. पुढच्या वेळी हे तीन मिनिटांवर आण, मग मोठा शास्त्रज्ञ म्हणव.

इमेज आली. मॅडम पुढे वाकल्या. जानेवारीतला स्कॅन शेजारी लावला. जानेवारीतल्या पोकळ्या चिंचोळ्या होत्या, आता फुगून गोल झाल्या होत्या. मलासुद्धा दिसलं.

"नळी तुंबली आहे," मॅडम म्हणाल्या. "मला आणखी काही नको. सर्जनना बोलव."

दुपारी दोनला तिला आत घेतलं, साडेचारला बाहेर आली. नळी बदलली. शुक्रवारी मी वॉर्डात गेले तर बसून उपमा खात होती, आणि मला बघून जीभ दाखवली. मी जिन्यात जाऊन डोळे पुसले आणि परत येऊन तिला रागावले.

साईनाथने मला परत विचारलं, "ताई, किरणांचं काय होत न्हाई ना?" या वेळी मी 'काही होत नाही' म्हटलं नाही. त्याला बसवलं आणि सांगितलं की किरणांनी थोडा धोका असतो, म्हणून गरजेपुरतेच वापरायचे. या वेळी आधीच्या चौथ्या हिश्श्याएवढेच वापरले. आधीचे जास्त होते, आणि ते सेटिंग मी लावलं होतं. तो खाली बघत ऐकत होता. मला वाटलं, आता हा ओरडेल. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत." मग थोड्या वेळाने, "फुडच्या टायमाला बी तुम्हीच काढा."

दुसऱ्या दिवशी पिशवीभर मटार आणून दिले. मी घेतले. सोलताना एकटीला दोन तास लागले.

त्याला एवढं सांगितलं आणि तुला नाही, असं नको. तू बारा वर्षांचा असताना नदीपात्रात क्रिकेट खेळताना कानशिलावर चेंडू बसला होता. उलटी झाली म्हणून मी तुला आमच्या रुग्णालयात नेलं. मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. तुझा स्कॅन मीच काढला. भाषणांत तू गमतीने सांगतोस ना, 'माझाही एक स्कॅन झालाय'? एक नाही. दोन झाले. पहिल्यात तू हललास, इमेज बिघडली, म्हणून दुसऱ्यांदा काढावा लागला. त्या काळच्या मशीनवर, मोठ्या माणसाच्या सेटिंगवर.

तुझा हिशेब चुकू नये म्हणून कळवते.

तुझी
ताई


नारायण पेठ
रविवार, ६ एप्रिल

प्रिय आमोद,

गुरुवारी बाहेर येऊन पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं, तर बाकावर तू. दोन आजींच्या मध्ये, मांडीवर बॅग घेऊन, शाळेच्या कार्यालयाबाहेर बसवल्यासारखा. केस पातळ झालेत तुझे. मी काय म्हणाले, तर "नंबर घेतलास का?" सोळा महिन्यांनी भाऊ भेटतो आणि मला हे सुचतं.

तू माझ्या डब्यातली मटारची उसळ खाल्लीस. मॅडमशी तासभर वाद घातलास आणि त्या तुला 'अहो' म्हणायला लागल्या, हे आमच्याकडे कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. आठाचे साडेतीन मिनिटांवर आणतोस म्हणालास. गेल्या तीन आठवड्यांत सत्तेचाळीस मुलांचे स्कॅन नव्या सेटिंगवर झाले, त्यांपैकी एकाचाही परत काढावा लागला नाही, हे ऐकून तू चष्मा काढून पुसत बसलास. शेफाली शाळेत जायला लागली, हे त्या गडबडीत सांगायचं राहिलं. जायला लागली आहे.

मग तू जिन्यापर्यंत येऊन विचारलंस, "ताई, मी खरंच हललो होतो का?"

मी म्हटलं, "हो रे. फार."

तू म्हणालास, "मग काय, काढावाच लागणार." आणि खाली उतरलास.

तू हलला नव्हतास, आमोद.

तू इतका शांत पडला होतास की मी दोनदा आत येऊन तुझा श्वास बघितला. पहिली इमेज चांगली आली होती. डॉक्टरांनी बघितली, "सगळं ठीक आहे, घरी न्या," म्हणाले आणि जेवायला गेले. आईला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. आईच्या वेळीही आपल्याला 'सगळं ठीक आहे' असंच सांगितलं होतं, आणि मी तिला घरी आणलं होतं.

खोलीत मी एकटी होते. तू काचेपलीकडे होतास. मला त्या शब्दांवर विश्वास ठेवता येईना. तुला पुन्हा एकदा आतून बघावं, कुठे काही राहून गेलं नाही ना याची खात्री करावी, एवढंच डोक्यात होतं. कुणी सांगितलं नव्हतं. वहीत लिहिलं नाही. किरण थोडे वाढवले आणि परत बटण दाबलं. दुसरी इमेजही तशीच होती. सगळं ठीक होतं.

परिषदेत तू "कुणी लक्षच देत नाही" म्हणालास, ते मला इतकं का लागलं, ते मलाच नीट सांगता आलं नव्हतं. तुझ्यावर तर मी इतकं लक्ष ठेवून होते की तुला दुप्पट किरण दिले. तुझ्या चाळिशीत काय होईल, पन्नाशीत काय होईल, हे मी बावीस वर्षं मनात मोजते आहे. तुला सर्दी झाली तरी मोजते. आणि तू नेमकं हेच काम निवडलंस तेव्हा मला वाटलं, याला कळलंय. कळलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी जिन्यात खरं सांगायचं धैर्य झालं नाही. तू डबा खाऊन खूश होऊन निघाला होतास.

आता तुला राग येईल. यायलाच हवा. पण या वेळी खराडीत बसून रागवू नकोस. इथे ये आणि समोर बसून रागव. मी मध्ये बोलणार नाही, आणि उठून जा असं म्हणणार नाही. पुढच्या रविवारी मी दिवसभर घरीच आहे.

तुझी
ताई